म्हाताऱ्याचं गाठोडं

नाही, त्या खुर्चीवर नको. ती धाकटीची आहे. इकडे बसा, खिडकीपाशी — हां. तशी ती काही म्हणायची नाही हो, म्हणतच नाही ती काही, पण उशी दबलेली दिसली की कळतं तिला. कोण आलं होतं असंही विचारणार नाही. नुसती उशी उलटी करेल आणि बसेल. धाकटी म्हणजे माझी बहीण, सहा वर्षांनी लहान. वाचनालयात गेलीय आत्ता. साडेतीनला निघते, पाच-दहाला येते — फार तर पाच-बारा. आता चार वाजून चार मिनिटं झालीत. म्हणजे आपल्याकडे तास आहे, आणि त्यातली शेवटची तीन मिनिटं जिन्यातली. चोपन्न पायऱ्या आहेत आमच्या. तुम्ही मोजल्या नसतील.

तर तुमचं म्हणणं मी एकदा परत म्हणून दाखवते, चुकलं तर सांगा. सवय आहे मला, समोरच्यानं वाचलेला आकडा परत म्हणून दाखवायची. वेधशाळेच्या तळघरातल्या जुन्या काचा तुम्ही संगणकावर चढवताय. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवरच काढायचे, हे निदान तुम्हाला माहीत आहे, परवा फोनवर जी मुलगी बोलली तिला त्या खिडकीच्या काचा वाटल्या होत्या. असो. तर म्हाताऱ्याच्या काचा काढताना तुम्हाला दिसलं, की एकशे चौदा पाकिटांवर पेन्सिलीचा एक-एक बारीक ठिपका आहे. कुठं वर, कुठं उजवीकडे, कुठं खाली. तुमच्यातल्या कुणा हुशार माणसानं ते तारखांशी लावून पाहिले — आणि ते बरोबर निघाले. म्हाताऱ्याभोवती फिरणारा जो सोबती आहे, तो त्या त्या तारखेला जिथं असायला हवा, तिथंच ठिपका. आणि हे सगळं, त्या दुसऱ्या वेधशाळेनं सोबती सापडल्याचं जाहीर करायच्या आधी चार वर्षं. आता त्या सोबत्याला नाव द्यायचंय. इतकी वर्षं नुसता क्रमांक होता. ज्यानं पहिल्यांदा पाहिला, त्यानं नाव सुचवायचं. कागद आज संध्याकाळी जायलाच हवा, आणि त्यावर मोजणीखोलीच्या त्यावेळच्या प्रमुखाची सही हवी — म्हणजे माझी. आणि तुमचा अंदाज असा, की ठिपकेही माझेच. बरोबर? घ्या ना चहा, गार होईल.

म्हातारा हे नाव आमचंच. कागदावर त्याचा क्रमांक होता, सात आकड्यांचा, तो दिवसातून चाळीस वेळा कोण म्हणणार? सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला तीनशेच्या वर वर्षं लागतात. म्हणजे मी नोकरीला लागले आणि निवृत्त झाले, तेवढ्यात तो — हे बघा, या बशीची कड धरा — इतका, दोन बोटं सरकला. सगळा बर्फ. पाण्याचा नाही, हवेचाच बर्फ, हवा गोठून खाली पडलेली. तिथून सूर्य म्हणजे एक ठळक तारा नुसता, ऊब नाही काही नाही. मोठे साहेब म्हणायचे, त्याच्यावर उभं राहून हातावर सूर्याचं ऊन घेतलं, तर हाताला कळणारसुद्धा नाही. आणि आमच्या काचेवर तो म्हणजे काय — ठिपका. इतर ठिपक्यांत एक ठिपका. फरक एवढाच, की बाकीचे जागचे हलत नाहीत आणि हा महिन्याभरात केसभर सरकतो. तो केस मोजायचा, हे आमचं काम.

बसायचो कशा सांगते. टेबलावर काच, काचेखाली दिवा, वर सूक्ष्मदर्शक. एकीनं डोळा लावायचा, स्क्रू फिरवत फिरवत काळी रेघ ठिपक्याच्या बरोबर मध्यावर आणायची आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. दुसरीनं तो परत म्हणायचा आणि वहीत लिहायचा. दोन तासांनी जागा बदलायची. मी बघणारी असले की ती लिहिणारी, ती बघणारी असली की मी. पण म्हाताऱ्याच्या काचा मीच बघायचे, कारण मी प्रमुख. तिला तिथं चिकटवली मीच. घरी बसून शिवण करायची, मान मोडेस्तोवर. मी साहेबांना म्हटलं, माझ्या बहिणीचा हात स्थिर आहे. आणि होता हो! सुईत दोरा ओवावा तशी रेघ बसवायची. स्क्रू कसा धरायचा ते माझा हात तिच्या हातावर ठेवून शिकवलं मी. पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, याच्यापेक्षा बटणं लावणं अवघड आहे."

हो — आता तुम्ही पाकीट काढलंत ते मी मघाशीच पाहिलं. थांबा, देते बघून. आधी एक नियम सांगते, त्याच्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही. ठिपका गोल असेल तरच मोजायचा. लांबट असेल, फुगलेला असेल, तर मोजायचा नाही. कारण लांबट ठिपक्याचा मध्य कुठे? कुणी म्हणेल इथं, कुणी म्हणेल तिथं. फोटो काढताना दुर्बीण हलली की ठिपका लांबतो. मग अशी काच बाजूला टाकायची आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, 'लां.' एवढंच. 'लां', टिंब, माझी सही. तर म्हाताऱ्याच्या कितीतरी काचांवर तो असा निघायचा. एका बाजूला किंचित फुगलेला. पाठीवर काहीतरी घेतल्यासारखा. धाकटीच म्हणाली होती एकदा सहज, खूप आधी, माझ्या खांद्यावरून डोकावून — "आज म्हाताऱ्यानं गाठोडं घेतलंय." आम्ही हसलो. मग रोजचंच झालं. काच लावली की ती विचारायची, "काय, गाठोडं आहे की रिकामा आलाय?" मी म्हणायचे, "आहे बाई, लिही 'लां.'" आणि ती लिहायची. सात वर्षं. एकशे चौदा काचा.

तर असं ते — चूक म्हणा, नियम म्हणा. आम्ही सगळ्यांनी नियम पाळला, आणि नियमाच्या पोटात तो सोबती बसून राहिला. हे असंच्या असं लिहा तुम्ही, चालेल मला. 'तत्कालीन पद्धतीनुसार सदोष ठरवलेल्या काचा.' छान वाक्य आहे. कुणाचंच नाव येत नाही त्यात.

हां. म्हणजे तुम्हालाही तेच टोचलंय. दुर्बीण हलली असती तर सगळेच तारे लांबले असते. शेजारचे तारे गोल आणि हा एकटाच फुगलेला — असं कसं? बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. आधी शेजारी बघा, मग शेरा लिहा. मीच शिकवायचे ते नव्या माणसांना.

शेजारी बघायचे नाही मी.

आता हे कागदावर घेऊ नका. पेन खाली ठेवा ना — हां. माझा उजवा डोळा बरा नव्हता. आंधळा वगैरे नाही, पण त्याला सगळंच किंचित लांबट दिसायचं. उभी रेघ बारीक, आडवी जाड. साधा दोष आहे, चष्म्यानं जातो, रस्त्यावरच्या दहा माणसांत दोघांना असेल. पण मोजणीखोलीत चष्मा म्हणजे संपलं. वर्षातून एकदा डोळे तपासायचे, भिंतीवरची पाटी वाचायची. रांगेत धाकटी माझ्या पुढं असायची. ती खणखणीत वाचायची, आणि मी मागून ऐकून तसंच्या तसं म्हणायचे. सांगितलं ना, परत म्हणून दाखवायची सवय. एक अक्षर चुकलं नाही कधी. तर टेबलाशी मला सगळेच तारे थोडे लांबट दिसायचे, ते मी मनातल्या मनात वजा करायचे. इतर काचांवरचे ठिपके वजा केल्यावर गोल व्हायचे. म्हातारा व्हायचा नाही. मला वाटायचं, डोळा बिघडत चाललाय आणि तो पहिल्यांदा ह्याच्यावर कळतोय. शेजारी बघायचे कशी? त्याचे शेजारीही वजा करून लांबटच राहिले असते तर? म्हणून बघितलंच नाही. 'लां.', सही, पुढची काच. डावा डोळा लावता आला असता, हो. पण धाकटी डावीकडे बसायची. मी डोळा बदललाय हे तिला एका क्षणात कळलं असतं.

मग मला ताप आला. नऊ दिवस. तापाचंच निमित्त झालं सगळ्याला. नऊ दिवस माझ्या जागी ती बसली, आणि तिनं पहिल्या दिवशी काय केलं? आधी शेजारी बघितले. मी शिकवल्याप्रमाणे. शेजारी गोल. म्हातारा गाठोड्यासकट. दुसरी काच लावली, शेजारी गोल, आणि गाठोडं दुसऱ्या खांद्यावर. मी परत कामावर आले तरी बोलली नाही काही. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत ती तळघरात जायची. मला वाटलं, तिथं गार असतं म्हणून जाते. मी बाजूला टाकलेल्या सगळ्या काचा तिनं काढल्या, एकेक हातातल्या छोट्या भिंगातून बघितली, आणि गाठोडं ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला पाकिटावर ठिपका दिला. एकशे चौदा ठिपके. ठिपकासुद्धा इतका हलका, की पाकीट खराब होऊ नये. सरकारी वस्तू ना. ... तर ते असं. ठिपके माझे नाहीत. झालं, बोलून गेले मी.

आणा ते पाकीट. हे शेवटचं, एकशे चौदावं. हे अक्षर — तुम्ही म्हणालात ना, दारातच, की 'ठिपक्याच्या खाली तुम्ही तुमच्या ताईंना दाखवायचं म्हणून टीप केलीय'? आणि मी म्हटलं, हो हो, होती माझी एक ताई? नव्हती. मी सगळ्यात मोठी घरात. मला कार्यालयात सगळे 'बाई' म्हणायचे. ताई म्हणणारी एकच. 'ताईला दाखवणे.' बघा, 'दाखवणे'खाली रेघ मारलीय. तारीखही घातलीय तिनं. हे मी आज पहिल्यांदा बघतेय. एकतीस वर्षांनी. तेव्हा पाकीट माझ्या हाती आलंच नाही — सांगते कसं ते. चष्मा द्या जरा, तो तिथं, रेडिओवर.

ही तारीख शुक्रवारची. शुक्रवारी संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. दूध तापत होतं. म्हणाली, "ताई, गाठोडं खरं आहे. नऊ दिवस आणि काही तासांनी ते परत त्याच खांद्यावर येतं. तो एकटा नाहीये गं, त्याच्याबरोबर कुणीतरी आहे." तिचा चेहरा — जाऊ दे. मी म्हटलं, "टेबल हललं असेल." ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली, "टेबल हललं तर सगळेच हलतील ना? हा एकटाच कसा हलेल?" मी म्हटलं, "दूध बघ." दूध उतू गेलं, ते पुसण्यात बोलणं राहिलं. सोमवारी ती आपली सरळ मोठ्या साहेबांकडे गेली. नाकासमोर चालणारी बाई, तिच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. साहेब मला म्हणाले, "बाई, तुमची बहीण म्हणतेय म्हाताऱ्याला सोबती आहे. तुम्ही सात वर्षं बघताय. तुमचं काय म्हणणं? एक पानाचं टिपण द्या."

टिपण चार ओळींचं दिलं मी. पाठ आहे मला; त्यातला मापक म्हणजे धाकटी. 'सदर मापकाच्या डोळ्यांवर ताण आल्याचे दिसून येते. एकच प्रतिमा दुहेरी दिसण्याची शक्यता नाकारता येत नाही. नमूद काचा यापूर्वीच सदोष ठरविण्यात आल्या आहेत. मोजणीच्या कामावरून हलविणे मापकाच्या प्रकृतीच्या दृष्टीने योग्य होईल.' डोळे कुणाचे बिघडलेले, आणि कागदावर कुणाचे. साहेबांनी खाली 'मान्य' लिहिलं. त्यांनी एकदाही भिंगाला डोळा लावला नाही हो, कशाला लावतील, मी होते ना. धाकटीला आवक-जावकला बसवलं. आलेल्या कागदाला क्रमांक, गेलेल्या कागदाला क्रमांक.

तुम्ही असं बघू नका. घाबरले होते मी. एकशे चौदा वेळा माझी सही होती. शेजारी न बघता केलेली. ते निघालं असतं तर डोळाही निघाला असता, पाटीची भानगड निघाली असती, नोकरी गेली असती, दोघींचं घर माझ्या नोकरीवर — नाही, हे खोटं आहे. तिची नोकरी होतीच की. राहिलो असतो. डोळ्याचं मी तिलाही कधी सांगितलं नाही, तुम्हीच पहिले. पण डोळ्यामुळं झालं असं नका समजू. मीसुद्धा पंधरा-वीस वर्षं तसंच समजून घेतलं स्वतःला. निवृत्त झाले त्याच आठवड्यात चष्मा केला. दुकानातून बाहेर आले तर रस्त्यावरचे दिवे सगळे गोल. मी तिथंच उभी राहिले. लोकांना वाटलं बाईला चक्कर आली.

सांगू? आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही. टिपण लिहायच्या आधी, त्या सोमवारी संध्याकाळी सहाला सगळे गेल्यावर, मी परत खोलीत गेले. तिनं ती शेवटची काच टेबलावर लावूनच ठेवली होती. दिवासुद्धा नीट करून ठेवलेला. मला वाटलं आवरायची विसरली. आज कळतंय, विसरली नव्हती. हे पाकीट तिथंच कुठंतरी उपडं पडलं असणार, मी बघितलं नाही, मला काचेशी काम होतं. मी खुर्ची उजवीकडे सरकवली, म्हणजे माझ्या डावीकडे कुणी बसलेलं नसेल तरी — सवय. आणि डावा डोळा लावला. चांगला डोळा. आधी शेजारी बघितले. एकूण अकरा तारे होते त्या भागात. अकराच्या अकरा गोल, सुईनं टोचल्यासारखे. मग म्हातारा बघितला. गाठोडं होतं. वरच्या बाजूला, किंचित डावीकडे. इतकं स्पष्ट, की मला त्याचा आणि म्हाताऱ्याचा मध्य वेगवेगळा मोजता आला. मी मोजला. स्क्रू फिरवून, रेघ बसवून, दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. परत म्हणायला कुणी नव्हतं. मग दिवा बंद केला, आणि घरी येऊन टिपण लिहिलं.

का ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते चांगलं नाही. सात वर्षं मी बसले त्या खुर्चीवर आणि ती नऊ दिवस. हातावर हात ठेवून शिकवलेली पोर. बस, एवढंच. मला त्याहून मोठं कारण सापडलेलं नाही, आणि मी शोधलंय, वह्याच्या वह्या भरल्यात.

तिला कळलं का? अहो, आवक-जावकला बसवली होती ना! कार्यालयातला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जाणार. आठव्या दिवशी माझं टिपण तिच्याकडे आलं, फाइलला लावायला. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी मी काटेकोर, आणि हे सुचलं नाही. संध्याकाळी घरी आली, पिशवी ठेवली, हात धुतले. म्हणाली, "टिपणावर तारीख घालायची राहिली होती. मी घातली." आणि पोळपाट घेतला. भांडण नाही, रडणं नाही. त्या दिवसापासून मला ताई म्हणाली नाही. बोलते, बोलत नाही असं नाही. 'गॅस संपत आलाय.' 'तुझं पत्र आहे.' 'उद्या पाणी येणार नाही.' दिवसाला सरासरी अकरा शब्द पडतात. काढलीय मी सरासरी, हसता काय. मोजायची सवय आहे, तिथं मोजायचं संपलं तर इथं मोजते. सकाळी सहा-वीसला तिचा नळ वाजतो. सात-पाचला तिच्या खोलीची खिडकी. स्वयंपाकघर मध्ये, इकडे माझी खोली, तिकडे तिची. ती आत असली की मी जात नाही, मी असले की ती येत नाही. एकतीस वर्षांत ओट्यापाशी एकमेकींना धक्का लागला नाही. आणि दारं दोन्ही समोरासमोर, सताड उघडी. मी इथं बसले की ती दिसते, ती तिथं बसली की मी दिसते.

तुमच्या त्या मासिकात वाचलं मी, की म्हातारा आणि त्याचा सोबती दोघंही आता एकमेकांकडे तोंड करूनच फिरतात. एकाचीही पाठ दुसऱ्याला कधी दिसत नाही. आणि फिरतात ते एक दुसऱ्याभोवती नव्हे, तर मधल्या एका रिकाम्या जागेभोवती. लिहिणाऱ्यानं फार गोड लिहिलं होतं. जन्माची सोबत वगैरे. त्याला म्हणावं, पाठ फिरवता येत नाही याचा अर्थ कळतो का तुला?

त्या दुसऱ्या वेधशाळेची बातमी आली, चार वर्षांनी, तेव्हा धाकटी इस्त्री करत होती. हाच रेडिओ. 'सोबती सापडला.' तिनं इस्त्री उभी केली, आवाज मोठा केला, बातमी पूर्ण ऐकली. नऊ दिवस आणि किती तास ते सांगितलं त्यांनी, तेव्हा मान हलवली. एकदाच. आकडा परत म्हणून बघितल्यासारखी. मग उरलेले अभ्रे केले. माझेही केले.

किती वाजले? चार-अठ्ठावन्न? बोलले किती मी! आणा तो कागद. नाही, देते लिहून, देते. याच्याकरताच तर सांगितलं सगळं. इथं 'ठिपके करणाऱ्याचं नाव', इथं सही. एवढंच ना? आणि मी नाही दिली सही तर? 'अज्ञात' लिहून जाईल. ठीक आहे. नाही, मी देतेय म्हटलं ना, नुसतं विचारलं. पुढं काय होईल? पत्र येईल तिच्या नावानं. चार माणसं येतील, या खोलीत बसतील, तिला विचारतील — बाई, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? आणि ती त्यांच्याकडे बघणार नाही. माझ्याकडे बघेल. तिनं सांगितलं सगळं, तर बरंच आहे, माझं काय उरलंय आता, बहात्तर वर्षांची झाले. पण ती सांगायची नाही. ती म्हणेल, "जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या." म्हणेलच. ओळखते मी. आणि मग रात्रीचं जेवण झाल्यावर मला म्हणाली, "जाऊ दे, ताई" — तर? तर काय करायचं मी? अकरा शब्दांची सवय झालीय हो मला. त्यात कुठं काय ठेवायचं ते कळतं. 'जाऊ दे'ला जागा नाही माझ्याकडे. आणि नाहीच म्हणाली, ते सगळं मिळूनही काहीच म्हणाली नाही, नाव दिलं, सही केली आणि परत 'गॅस संपत आलाय' — तर मग कळेलच की आता कशाचीच वाट बघण्यात अर्थ नाही. आत्ता निदान तेवढं नक्की नाही.

पेन द्या. तुमचं चालत नाही, माझंच घेते. काय नाव देईल ती, हो? मला माहीत आहे. गंभीर तोंड करून 'गाठोडं' लिहून देईल. तुमचे मोठे लोक काय करतील मग? ... पूर्वी दिलं असतं. आता माहीत नाही मला ती काय देईल. खरंच माहीत नाही.

हे पाकीट राहू द्या ना माझ्याकडे. कार्यालयाचं आहे, माहीत आहे मला. पण वर लिहिलंय ना कुणाला दाखवायचं ते. तुम्ही दाखवलंत. काम झालं त्याचं.

थांबा.

खालचं दार वाजलं. पाच वाजून दोन मिनिटं — लवकर आली. आज लवकर कशी? पुस्तक मिळालं नसेल. बसून राहा, हलू नका, वेळ आहे. पहिल्या मजल्यावर थांबत नाही ती. दुसऱ्यावर थांबते. आता बघा... हां, थांबली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. रोज घेते. अजून अठरा पायऱ्या. मी लिहिते आहे, लिहिते आहे हो, अक्षर नीट यायला नको? नावाचं पहिलं अक्षरच — बारा. तुमचा कप उचला. नाही, राहू दे, दोन कप दिसले तर दिसू देत. सहा. किल्ली काढते आता...

ये. — अगं, कुणी नाही. मीटर बघायला आलेत.

गेल्या आठवड्यात येऊन गेले? — असतील. मग हे चुकून आले असतील. चुकतं माणसाचं. — तर अहो, चार हजार सातशे बारा, लिहून घेतलंत ना? सकाळी बघितलाय मी, पक्का आहे आकडा. हा तुमचा कागद घ्या. नाही, झालं, काही राहिलं नाही त्याच्यावर. कोराच आहे, कोराच जाऊ दे.

हाताखाली? काही नाही गं. जुनं पाकीट आहे एक, माझं.

बघताय काय, या तुम्ही. उशीर होईल तुम्हाला. दार नुसतं ओढून घ्या, कडी ती लावेल. रोज तीच लावते.